आधी वर, खात्री नंतर

महोदय,

‘खोट्या इशाऱ्यामुळे प्रवासी वेठीस’ हे वाचकपत्र वाचले. रात्रीचे विमान, उतरता उतरता एकदम नाक वर, इंजिनांचा गडगडाट, पोटात गोळा. मग वैमानिकाची घोषणा, की जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशारा वाजला होता, तो चुकीचा निघाला. पत्रलेखक विचारतात, आधी खात्री करून घ्यायला काय झाले होते?

मी अठ्ठावीस वर्षे प्रवासी विमाने चालवली, नंतर सिम्युलेटरवर मुलांना शिकवले. प्रत्येक तुकडीत हा प्रश्न कोणीतरी विचारायचेच.

भर दिवसा, स्वच्छ हवेत, समोर डोंगर नाही हे डोळ्यांना दिसत असेल तर तो इशारा नुसती सूचना म्हणून घेता येतो. रात्री ती मुभा नाही. ‘टेरेन, टेरेन, पुल अप’ (जमीन, जमीन, वर घ्या) ऐकू आले की ऑटोपायलट काढायचा, पंख समतल, इंजिनांना पूर्ण ताकद, नाक वर, स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग कमी करणाऱ्या झडपा) उघडे असतील तर मिटायचे. सुरक्षित उंची गाठेपर्यंत चर्चा नाही. अंधारात खात्री करायची तरी कशाने? मी सिंहगड रस्त्याला राहतो. रात्री गच्चीवरून गडावरच्या टीव्ही टॉवरचे लाल दिवे दिसतात, गड दिसत नाही. आणि तो लोहगावच्या धावपट्टीहून सुमारे सातशे मीटर उंच आहे! बहुतेक डोंगरांवर तर दिवाही नसतो. जुलै १९६२मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईकडे उतरणारे अलिटालियाचे विमान आपल्याच जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले. तेव्हा असे यंत्रच नव्हते.

आमच्या उमेदीच्या काळातले यंत्र फक्त पोटाखालची जमीन पाही, समोरचा कडा त्याला कळत नसे. शिवाय खालून दुसरे विमान गेले तरी कधीकधी ओरडे. ‘भुंकलं पुन्हा’ म्हणून आम्ही हसायचो. एकदा पावसाळ्यात, रात्री घाटावरून मुंबईकडे उतरताना ते ओरडले. मी उंची पाहिली, नकाशा पाहिला, सहवैमानिकाने माझ्याकडे पाहिले. चार-पाच सेकंद गेले आणि आवाज आपोआप थांबला. इशारा खोटाच होता. वाईट ते हेच: पुढे कित्येक वर्षे मी त्याला माझे कसब समजत होतो.

आताचे यंत्र जगभरातल्या डोंगरांचा नकाशा पोटात घेऊन पुढचे पाहते, खोटे फार कमी बोलते. तरी २०१२मध्ये इंडोनेशियात ढगांत उडणाऱ्या सुखोई सुपरजेटच्या कप्तानाला ते खोटे वाटले. नकाशातच चूक असेल म्हणून त्याने ते बंद केले. पहिला इशारा आणि सालक पर्वतावरची धडक यांत ३८ सेकंद होते. विमानात ४५ माणसे होती.

त्यामुळे ‘त्या वैमानिकावर कारवाई करा’ ही मागणी वाचून धसकाच घेतला. पुढच्या खेपेला त्याचा हात चार सेकंद अडखळला तर? (पत्रलेखकांच्या अंगावर चहा सांडला, त्याचे वाईट वाटते.) तक्रार करायचीच तर त्या घोषणेतल्या ‘चुकीचा’ या शब्दाची करावी. इशारा आला, आम्ही वर गेलो, एवढे सांगितले असते तरी पुरे होते.

– एक निवृत्त वैमानिक, सिंहगड रस्ता, पुणे