रेवाच्या हाती पहिली काठी

इंदूर

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत आलास की रेवाला मासे धरायला शिकवणार म्हणालास, फार बरं वाटलं. पण रीळ लावलेला रॉड तिच्यासाठी आणू नकोस. नऊ वर्षांच्या पोरीचा सगळा दिवस दोरा फेकण्यात आणि गुंता सोडवण्यात जाईल, पाण्याकडे बघायचं राहूनच जाईल. पहिली काठी साधी बांबूची हवी, आठ फुटी, शेंड्याला लवचिक. दोरा काठीपेक्षा वीतभर आखूड ठेव, म्हणजे काठी उभी केली की मासा आपसूक हाताशी येतो.

दोरा ०.२० मिलिमीटरचा नायलॉन पुरे. गळ १२ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, दुकानात उलटं समजून मोठा घेऊ नकोस. तिलापियाचं तोंड लहान असतं. मोठा गळ टाकला तर तो कणीक कुरतडून नेतो आणि आपण रिकामा गळ पाण्यात धरून बसतो. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढ. नखात अडकलं तर धार आहे, घसरलं तर तो गळ टाकून दे. गाठ मारताना दोरा गळाच्या डोळ्यातून ओवून त्याच्या टोकाचे त्याच दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे घे, टोक डोळ्यालगतच्या पहिल्या फटीतून काढ आणि आवळण्याआधी थुंकीने ओलं कर. कोरडी गाठ आवळली की घासून तापते आणि दोरा नेमका तिथेच तुटतो.

तरंगा मोरपिसाच्या दांड्याचा, वीतभर. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी असते ना, तिचे दोन बारीक तुकडे दोऱ्यात ओव आणि दांड्याची दोन्ही टोकं त्यांत बसव. मग तरंगा वरखाली सरकवता येतो. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचे छर्रे दाब, इतके की तरंग्याचं जेमतेम बोटाच्या पेराएवढं टोक पाण्यावर राहील. जास्त राहिलं तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडून देतो. छर्रे पकडीने दाब, दातांनी नाही. शिसं विषारी आहे, खाण्याआधी रेवाचे हात साबणाने धुवायला लाव.

आता खरं काम: पाण्याची खोली. नवखा माणूस इथेच चुकतो, मग आमिषाला नाहीतर नशिबाला दोष देतो. गळाला एक जड छर्रा तात्पुरता लाव आणि जिथे बसणार तिथे सोड. तरंगा बुडाला तर तो गळाच्या फार जवळ आहे, वर सरकव. आडवा पडला तर दोरा जास्त झालाय, खाली घे. फक्त टोक दिसलं की तळ सापडला. मग जड छर्रा काढ आणि तरंगा चार बोटं खाली घे, म्हणजे आमिष तळापासून तेवढंच वर राहील. मृगळ हवा असेल तर तळालाच टेकव, तो तिथेच चरतो. रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. हे माप रेवाच्याच हातून काढून घे, तू करून देऊ नकोस. दहा पावलं सरकलात तर पुन्हा काढायचं.

आमिषाला गव्हाच्या पिठात थोडं बेसन घालून घट्ट मळ आणि त्यात कापसाचे चार धागे पिंजून मिसळ, पाण्यात लवकर सुटत नाही. गोळी तुरीच्या दाण्याएवढी, गळाचं टोक किंचित बाहेर. मासे जवळ यावेत म्हणून शेंगदाण्याची खली, म्हणजे पेंड, एक भाग आणि कोंडा दोन भाग भिजवून लिंबाएवढे चार गोळे तरंग्याजवळ टाक, पुढे पंधरा-वीस मिनिटांनी एकेक. जास्त टाकलंस तर माशांचं पोट भरतं.

तरंगा नुसता थरथरला की रेवा काठी ओढेल, सगळेच ओढतात. तिला सांग, तो बुडू दे किंवा एका बाजूला चालू लागू दे. कधी उलट वर येऊन आडवा होतो, तेव्हाही मासाच असतो: तळावरचं आमिष त्याने उचललेलं असतं. झटका फक्त मनगटाचा, वीतभर. खांद्यातून ओढलं तर तोंड फाटतं नाहीतर मासा मागच्या झाडावर जातो. तिला बोलू दे, पण काठावर धावू देऊ नकोस. पावलांचे हादरे जमिनीतून पाण्यात जातात. थंडीत पहाटे उठवायची गरज नाही, दहानंतर पाणी जरा तापलं की मासा खायला लागतो.

मासा धरताना हात ओले हवेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मिशावाला मासा आला तर तिला हात लावू देऊ नकोस, टेंगरा आणि सिंघी काटा मारतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेव आणि डॉक्टरकडे ने.

जागेचं म्हणशील तर यशवंत सागर तलाव नको. शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं, २०२२ पासून तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत तुटका नायलॉन अडकतो. नर्मदेवर बडवाह-महेश्वरकडेही पहिल्या दिवशी नाही. वरच्या धरणातून पाणी सुटलं की पात्रातले खडक बघता बघता बुडतात. २००५ च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला असंच पाणी वाढून स्नानाला आलेले कितीतरी लोक वाहून गेले. देपालपूरकडचं एखादं गावतळं बरं. तळी बहुधा मछुआ समितीकडे, म्हणजे मच्छीमारांच्या संस्थेकडे, ठेक्याने असतात, त्यांना आधी विचारायचं, ते मी बघतो. १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आलात तर जूनच्या पंधरा तारखेच्या आत.

बांबू आणि खली मी इथे आणून ठेवतो. तू तिकडून १२ नंबरचे गळ आण, आणि गळ काढायला लांब चोचीची पकड.

तुझे बाबा