सेवियाहून परतल्यावर मित्रास पत्र

माद्रिद,
२ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कामानिमित्त येथे येऊन चार महिने झाले, तरी तुला सविस्तर लिहावे असे काही हाती लागत नव्हते. गेल्या शनिवारी भल्या सकाळी वेगवान गाडीने अडीच तासांत दक्षिण स्पेनमधील सेवियाला पोहोचलो आणि पहिल्याच गल्लीत तुझी आठवण झाली. कसबा पेठेतील वाड्यांची मोजमापे घेताना, देवडीतून चौकाची चाहूल लागावी पण घर उघडे पडू नये, असे तू सांगत असस. ते येथे घरोघरी पाळलेले दिसले. रस्त्याकडे जाड लाकडी दार, आत कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगीत फरश्यांनी मढवलेली देवडी, पुढे नक्षीदार लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे कुंड्यांनी भरलेला, वरून उजेड घेणारा चौक.

सकाळचा सारा वेळ अल्काझार या राजवाड्यात गेला. १२४८ मध्ये कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाने हे शहर मुसलमान सत्तेकडून जिंकले. शंभराहून अधिक वर्षांनी पेद्रो राजाने येथे महाल उभारला, तो मात्र हरलेल्यांच्याच शैलीत, आणि त्यासाठी मुसलमान राज्य असलेल्या ग्रानादाहूनही कारागीर आणले. दर्शनी भिंतीवर या ख्रिस्ती राजाच्या नावाचा १३६४ सालचा लेख आहे आणि त्याच चौकटीत निळ्या-पांढऱ्या अरबी अक्षरांत ‘अल्लाहवाचून कोणी विजयी नाही’ असे पुन्हा पुन्हा कोरले आहे. मी तेथे बराच वेळ नुसता उभा राहिलो. आतल्या मोठ्या चौकात खालचा मजला चुन्याच्या गिलाव्यातील जाळीदार नक्षीचा, तर वरचा सोळाव्या शतकातील इटालियन वळणाचा आहे. चौकाच्या मधली पाण्याची पन्हळ आणि तिच्या दोन्ही बाजूंची खोलगट बाग काही शतके संगमरवरी फरशीखाली गाडलेली होती, ती याच शतकात उकरून काढली. तुझ्यासारख्याने निदान दोन दिवस तरी तेथून हलू नये.

कॅथेड्रल अतिभव्य आहे, पण मला ते फार भावले नाही. वेदीवरील सोन्याने डोळे थकले. मशीद पाडून तिच्या जागी ते बांधले, तरी ११९८ मध्ये पूर्ण झालेला मनोरा पाडला नाही, सोळाव्या शतकात त्याच्या डोक्यावर घंटाघर चढवले. हाच हिराल्दा. त्यात जवळजवळ वरपर्यंत पायऱ्याच नाहीत. अजान देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावे म्हणून पस्तीस उतार बांधले, असे सांगतात. माझे गुडघे त्या घोड्याचे ऋणी आहेत. खाली मशिदीचे जुने अंगण संत्र्याच्या झाडांसह टिकून आहे. ही संत्री कडू असतात हे ठाऊक असूनही रस्त्यावर पडलेले एक मी चाखले, आणि पुढचा तासभर तोंड वाकडे करून हिंडलो. या फळाला स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ म्हणतात. संस्कृतातील ‘नारङ्ग’ फारसी आणि अरबीतून येथवर पोहोचला.

आता जेवणाचे. संध्याकाळी सातला भुकेने व्याकूळ होऊन एका खानावळीत शिरलो, तर स्वयंपाकघर साडेआठशिवाय उघडणार नाही असे शांतपणे सांगण्यात आले. शेवटी नदीपलीकडे त्रियाना भागात एका काउंटरला टेकून उभ्यानेच जेवलो. पहिली बशी पालक आणि काबुली चण्यांची: तेलात तळलेला पाव आणि लसूण वाटून लावलेला, जिरे भरपूर, थोडा व्हिनेगर आणि लाल मिरचीची पूड. जिऱ्याच्या वासाने क्षणभर आईच्या स्वयंपाकघरात गेलो. ही मिरची अमेरिकेची. तिकडच्या व्यापाराचा मक्ता याच शहराकडे होता. आपल्या किनाऱ्यावर ती आणली पोर्तुगीजांनी.

दुसरी बशी वांग्याच्या तळलेल्या कापांची, वर काळसर पाकाची धार. मध असावा असे वाटले. चाखले तर चक्क काकवी! मलागा प्रांतातील फ्रिहिलियाना गावी ती अजून उसापासून करतात. स्पॅनिश ‘बेरेनहेना’ आणि आपले वांगे हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे, हे त्या घासानंतर सहज पटले. तू शाकाहारी असल्याने एवढेच सांगतो की येथे ‘मांस नको’ म्हटल्यावरही थंड टोमॅटोच्या घट्ट सारावर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरून येतात, तेव्हा ते वेगळे बजावून सांगावे.

रविवारी १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या पाहिला. फरशीकाम सुरेख, पण एकूण थाट नाटकाच्या पडद्यासारखा. निघण्यापूर्वी सान लेआन्द्रो मठात गेलो. तेथील जोगिणी बाहेरच्यांना दिसत नाहीत. भिंतीतील फिरत्या लाकडी पेटीत पैसे ठेवायचे, पेटी फिरते आणि अंड्याच्या बलकाची व साखरेची मिठाई समोर येते. आतून फक्त एक क्षीण ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, ऐकू आले. तुझी देवडीची शिस्त इतक्या टोकाला नेलेली मी प्रथमच पाहिली.

मिठाई तुला चालणार नाही. वांग्याचे काप मात्र या रविवारी घरी करून पाहा: पीठ पातळ लाव, तेल चांगले तापव, काकवी वाढतानाच घाल. कसे झाले ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा स्नेहांकित मित्र