वेंगुर्ल्याच्या काकींना, पिठी-भाताबद्दल

प्रिय काकी,
सादर नमस्कार.

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "गप रव" म्हणता आणि हातात अर्धा नारळ ठेवून आत निघून जाता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितो आहे. नात सुट्टीला आली की तिच्याकडून वाचून घ्या.

मी तुमच्या वरच्या खोलीत राहणारा, घाटावरचा, बार्शीकडचा. काजूच्या कारखान्यात हिशेबाचं काम. बी यायला लागली की मार्चपासून मे संपेपर्यंत रात्रीचे आठ कधी वाजतात ते कळत नाही, आणि एरवीही महिनाअखेर असतेच. घरी यायचं, चपला काढायच्या आणि ओट्याकडे न बघता पंख्याखाली बसायचं. रात्रीचं जेवण म्हणजे पोळी, भाजी, आमटी, भात अशी माझी समजूत होती. चारातलं एक राहिलं तर जेवण झालंच नाही असं वाटायचं. चारही करायचं त्राण नसलं की नाक्यावरची चायनीजची गाडी.

तुम्ही पहिल्या पावसाळ्यात डबा द्यायचात. त्याचे आभार आहेतच. पण डबा देणारी माणसं नशिबाने मला याआधीही भेटली. तुम्ही पुढे डबा बंद केलात, त्याचे खरे आभार मानायचे आहेत. एका संध्याकाळी डब्याऐवजी कुळथाच्या पिठाची बरणी आली, वर कागदात मूठभर आमसुलं. मी भाजीचं विचारलं, तर म्हणालात, "भात आसा, पिठी आसा, आणखी काय व्हया?"

काही नको, हे मला कळायला थोडा वेळ लागला. कुळीथ मला नवे नव्हते. आमच्याकडे त्यांना हुलगे म्हणतात आणि आई त्यांची शेंगोळी करते. पीठ मळा, हातावर वळा, मसाल्याच्या रस्त्यात शिजवा. चव अप्रतिम, पण दमून आलेल्या माणसाने करायचा पदार्थ तो नव्हे. तुमच्या पिठीला मळणं नाही, वळणं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी आज रात्री दमलेलं असेल, तर त्यांच्यासाठी तुमची रीत इथे लिहून ठेवतो. एका माणसाला तीन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. कढईत तेल, त्यात चार-पाच लसूण पाकळ्या सालासकट ठेचून, एक मिरची, हिंग. लसूण तांबूस झाली की वाटीभर पाणी ओतायचं, उकळी आली की कालवलेलं पीठ सोडायचं आणि ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत वर बुडबुडे फुटायला लागतात. मग दोन आमसुलं, आणि मीठ सगळ्यात शेवटी चाखून, कारण आमसुलातही मीठ असतं. पिठी पातळच उतरवायची. ताटात जाईपर्यंत ती आपोआप दाटते. कुळीथ दळायच्या आधी भाजलेले असतात, म्हणून पिठाला कच्चट वास नसतो आणि बेसनासारखं रटरट शिजवत बसावं लागत नाही. शेजारच्या शेगडीवर भाताचा कुकर. कुकरची वाफ जिरेपर्यंत पिठी तयार असते.

शंभर ग्रॅम कुळथात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे हे गरिबाचं पोटभरू आहे असं म्हणून नाक मुरडायचंही कारण नाही. (चायनीजच्या गाडीबद्दल मला आकडे माहीत नाहीत आणि नकोही आहेत.)

तुमच्या स्वयंपाकातली आणखी एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. तुम्ही मला रात्रीसाठी जे जे शिकवलंत त्यातल्या कशालाच मिक्सर लागत नाही. आधी मला वाटलं, हा जुन्या माणसांचा हट्ट. मग जुलै आला. संध्याकाळी वारा सुटला की वीज जाते, आणि वाटणाच्या आमटीचा बेत असेल तर खोबरं कांद्याबरोबर भाजून ताटलीत तसंच पडून राहतं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हाचं तुम्ही सांगता, दिवे नाहीत, फोन नाही, आणि घरात मात्र चुलीवर पिठी-भात नेहमीसारखा. मी तेव्हा इथे नव्हतो. पण आता वीज गेली की मीही मेणबत्ती लावतो आणि लसूण ठेचतो.

पेजेबद्दल मात्र माझं डोकं लवकर तयार झालं नाही. पेज आजाऱ्याला देतात, असं आमच्याकडचं मत. तुम्ही उकड्या तांदळाची पेज वाढलीत आणि मत बदललं. साळ टरफलासकट उकडून, वाळवून मग भरडतात. त्यामुळे दाणा शिजूनही अख्खा राहतो आणि वरचं पाणी चिकट होत नाही. त्या पेजेत चावायला काहीतरी असतं! शिजायला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ कुकरचा, माझा नव्हे. सकाळी निघताना वाटीचा तिसरा हिस्सा तांदूळ भिजत घालतो. रात्री आलो की सात-आठ पट पाणी घालून कुकर लावतो आणि आंघोळीला जातो. शिट्ट्या मोजायचं कामही तुमच्याकडे खाली ऐकू जातं म्हणून तुम्हीच करता. "झाली रे तुझी पेज" अशी हाक येते. मीठ, चमचाभर तूप, लोणच्याची फोड. आणि सुका बांगडा असला तर तो गॅसच्या जाळीवर भाजून. त्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत खोलीत राहतो आणि माझी त्याला काहीच हरकत नाही.

सुक्या मासळीची खरी गंमत जवळ्यात, म्हणजे वाळवलेल्या अगदी बारीक कोळंबीत आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बाजारात ताजं मिळालं तरी खाडीतलं आणि दाम दुप्पट. त्या दिवसांत तुमची किसमूर माझ्या कामी येते. जवळा चाळून घ्यायचा, कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजायचा, गार झाल्यावर हातावर चोळून मिशा फुंकून टाकायच्या. बारीक चिरलेला कांदा, मूठभर ओलं खोबरं, मालवणी मसाला चिमूटभर, आमसुलाचं दोन चमचे दाट पाणी. कालवायचं ते मात्र जेवायला बसतानाच, नाहीतर जवळा मऊ पडतो. दहा मिनिटांचं काम आणि त्यातली पाच मिनिटं कांद्याची. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असतं तेव्हा जवळ्याच्या जागी तळलेली सांडगी मिरची, बाकी पिठी-भात तोच.

पावसाळा सरला आणि बंदरावर बांगडा आला की तुम्ही तिखलं शिकवलंत. ते बघून मी चक्रावलो होतो, कारण फोडणीच नाही. टोपात बांगड्याचे तुकडे, तिखट, हळद, मीठ, आमसुलं, खोबरेल तेल, सगळं हाताने एकत्र चोळायचं, बेताचं पाणी घालून झाकण ठेवायचं. बी काढलेली चार-पाच तिरफळं जरा ठेचून टाकायची. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. चमच्याने ढवळायचं नाही, टोप धरून हलवायचा. एक टोप, एक हात. दुसऱ्या दिवशी ते आणखी चांगलं लागतं, त्यामुळे मी नेहमी दोन वेळचं करतो.

सोलकढीचंही तसंच. नारळाचा रस काढायची ताकद नसेल तर फुटी कढी: आमसुलाचं पाणी, ठेचलेली लसूण आणि मिरची, मीठ, कोथिंबीर. दुकानातल्या डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी मी करून पाहिली आहे. फुटी कढी बरी.

एका बाबतीत मात्र तुमचं माझं जमत नाही. घावणे तुम्ही सोप्या पदार्थांत धरता. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, ताकासारखं पातळ, बिडाच्या तव्यावर ओतलं की झालं. तुमच्यासाठी झालं! पण घावणा एकावेळी एकच होतो आणि प्रत्येक घावण्यासाठी तव्यापाशी उभं राहावं लागतं. ज्या पदार्थाला शेवटपर्यंत उभं राहावं लागतं तो आळसाच्या संध्याकाळचा नाही, तो रविवारचा. दडपे पोहे मी मान्य करतो: पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी, ओलं खोबरं, कांदा, वरून फोडणी, आणि झाकण दडपून ठेवलं की आपण बसायला मोकळे.

आता मुख्य गोष्ट. माझी पिठी पंधरा मिनिटांत होते, असं मी कारखान्यात ऐटीत सांगतो. ती पंधरा मिनिटांत का होते, हे मी मे महिन्यात तुमच्या अंगणात पाहिलं. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया वेगळ्या, सालं उन्हात, संध्याकाळी ती गोळा करून मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात. अशी पुटांवर पुटं, सालं काळी आणि लवचीक होईपर्यंत, आणि तेही पहिली सर यायच्या आत. त्याच दिवसांत मिरच्या वाळवणं, धणे भाजणं, मसाला कांडपाला नेणं. सुका जवळा घेऊन पुन्हा एकदा ऊन दाखवून डब्यात भरणं. आणि त्याच्याही आधी कुळीथ: भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर पेरलेले, थंडी सरता सरता काढलेले, मग झोडायचे, पाखडायचे, भाजायचे, जात्यावर भरडून सालं उडवायची आणि दळून आणायचे. माझ्या जुलैतल्या आळसाचं काम तुम्ही आधीच उरकलेलं असतं. झटपट जेवण म्हणून जे काही दुकानात पाकिटातून मिळतं, त्यामागेही कुणीतरी राबलेलं असणारच. पण ते माणूस दिसत नाही. तुम्ही दिसता, छत्री डोक्यावर धरून आमसुलं उलटताना.

आणि या सगळ्याबद्दल पैसे विचारले की पुन्हा तेच, "गप रव".

म्हणून यंदापुरता मीच काही ठरवून टाकलं आहे. कुळीथ काढायला आले आहेत. झोडायला रविवारी मी येतो. भाजायचे तुम्हीच, तो हात माझ्याकडे नाही. गिरणीत मात्र मीच नेणार. तांदळाच्या दळणामागोमाग लावायला सांगेन, मसाल्यामागून नाही, हे लक्षात आहे. एप्रिलमध्ये मिरच्यांची पोती बाजारातून माझ्या गाडीवर येतील. रतांबे फोडायला संध्याकाळी आठनंतर चालत असेल तर सांगा. हात लाल होतात म्हणून तुम्ही मला लांब ठेवता, पण हिशेबाच्या वह्यांना त्याने काही होत नाही.

आईने बार्शीहून शेंगांची चटणी पाठवली आहे. उद्या आणून देतो. पेजेबरोबर चालते की नाही, ते तुम्ही खाऊन सांगा. माझ्या मते चालते.

तुमचा,
वरच्या खोलीतला भाडेकरू