'ब्योमकेश बक्षी' मालिकेच्या भागांत केलेल्या काटछाटीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : 'रास्ते का काँटा' हा भाग अपुरा दाखवल्याबाबत

माननीय महोदय,

मी आपल्या मालिका दाखवणाऱ्या सेवेचा वार्षिक वर्गणीदार आहे. 'सर्व भाग, संपूर्ण' अशी आपली जाहिरात वाचून मी केवळ या मालिकेसाठी वर्गणी भरली. १९९३ साली दूरदर्शनवर ती लागायची, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या चाळीत एकच रंगीत टीव्ही होता. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गुप्तहेर ब्योमकेशची भूमिका करणाऱ्या रजित कपूर यांचे हळू आवाजातले बोलणे ऐकू यावे म्हणून आम्ही दारे-खिडक्या लावून बसत असू. त्यामुळे या मालिकेतला कोणता संवाद कुठे येतो, हे मला चांगले आठवते.

'रास्ते का काँटा' हा मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे, असे मी म्हणणार नाही. मला तो नेहमीच मधल्या प्रतीचा वाटत आला आहे. तक्रारीसाठी तो निवडण्याचे कारणही तेच आहे. उत्तम भाग थोडी छाटणी सोसतो, साधा भाग मात्र बारीकसारीक तपशिलांवरच उभा असतो. बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पाठलाग किंवा मारामाऱ्या जवळपास नाहीतच. कोलकात्यातल्या हॅरिसन रोडवरच्या खोलीत ब्योमकेश वर्तमानपत्र चाळतो, त्याचा मित्र अजित समोर बसलेला असतो आणि एखादा घाबरलेला माणूस येऊन आपली हकिगत सांगतो. प्रेक्षकाला जे धागेदोरे मिळायचे, ते त्या बोलण्यातच मिळतात.

आपण नेमके हे बोलणेच कापले आहे. खऱ्या बातम्या जाहिरातींत असतात असे सांगून ब्योमकेश अजितला वाटेतला काटा दूर करून देण्याची ती विचित्र जाहिरात दाखवतो, तो प्रसंग आपल्या प्रतीत नाही. त्याहून गंभीर बाब ब्योमकेशकडे मदतीसाठी आलेल्या आशुबाबूंच्या हकिगतीची आहे. भर रस्त्यात त्यांच्या छातीवर काहीतरी येऊन आदळते आणि ते केवळ खिशातल्या घड्याळामुळे वाचतात, एवढे आपण ठेवले आहे. पण त्या वेळी कोणता आवाज ऐकू आला या प्रश्नावर ते सायकलच्या घंटीचा उल्लेख करतात, ते वाक्यच गायब आहे. छातीवर आदळणारी ती वस्तू, म्हणजे खुनासाठी वापरलेली ग्रामोफोनची पिन, कशातून सुटते याचा उलगडा या एका वाक्यावर अवलंबून आहे. ते काढल्यावर शेवटी ब्योमकेशला सारे कसे कळले हे प्रेक्षकाला समजत नाही आणि इतक्या काटेकोर विचारांचा माणूस नुसते अंदाज बांधणारा वाटू लागतो.

दुसरी तक्रार भागाच्या सारांशाविषयी आहे. मी माझ्या आठवीतल्या नातीला हा भाग मुद्दाम दाखवायला बसवले होते. भाग सुरू होण्याआधीच तिने पडद्यावरचा सारांश मोठ्याने वाचला आणि खुनाचे हत्यार कोणते हे त्यातच लिहिलेले होते. पुढे पाहताना तिने मला विचारले, "आजोबा, ती घंटी आधी कुठे वाजली?" ती आपल्या प्रतीत कुठेही वाजत नव्हती, म्हणून मला तिला उत्तर देता आले नाही.

याविषयी मी यापूर्वी कळवले असता, आजच्या प्रेक्षकांना संथपणा आवडत नसल्याने गती वाढवली आहे, असे उत्तर आले. ते मला मान्य नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून या कथा लिहिल्या. आयुष्याची अखेरची वर्षे ते पुण्यात राहिले, म्हणूनही मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे. त्यांच्या कथेतला कोणता तपशील रिकामा आणि कोणता कामाचा, हे मिनिटे मोजून ठरवता येत नाही.

तरी आपण हा भाग मूळ स्वरूपात पुन्हा उपलब्ध करावा, सारांशातून हत्याराचा उल्लेख काढावा आणि इतर भागांतही काटछाट झाली असल्यास तसे भागाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहावे. संपूर्ण प्रत आपल्याकडे नसेल, तर 'संपूर्ण' हा शब्द जाहिरातीतून काढून माझ्या वर्गणीची उरलेली रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. वर्गणीची पावती आणि आपल्या आधीच्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
एक वार्षिक वर्गणीदार
पूर्व भाग, सोलापूर