माळा रिकामा करण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पब्लिक हिस्टरी म्हणजे नक्की काय गं? तांबट आळीत लोक विचारतात, मी काय सांगू?" मी 'नंतर सांगते' म्हटलं, कारण बसमध्ये उभी होते आणि ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. आज रविवार आहे, बाहेर पाऊस लागलाय (वेल्समधल्या या स्वॉन्सीत तो नसतो कधी?), तेव्हा सविस्तर लिहिते.

आळीत एवढंच सांगा, की पोरगी म्युझियमचं शिकतेय. पूर्ण खरं नाही, पण खोटंही नाही. आमच्या अभ्यासात सनावळ्या कमी आणि भांडणं जास्त. चौकात पुतळा कुणाचा बसवायचा, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंती ठेवायच्या की पाडायच्या, म्युझियममधल्या पाटीवरच्या चार ओळींत कोणाचं नाव घालायचं, आणि हे ठरवणार कोण. 'पब्लिक हिस्टरी' हे नाव १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात रॉबर्ट केली नावाच्या प्राध्यापकांनी रुजवलं. पण मला विचाराल तर इतिहासाचार्य राजवाडे त्याच्या कितीतरी आधी गावोगाव हिंडून लोकांच्या वाड्यांतली दप्तरं मागत होते, ती रद्दीत जाण्याआधी वाचवत होते. भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं १९१० साली. पुण्यात आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ते आहे आणि मी पहिल्यांदा आत गेले ती इकडे यायचं ठरल्यावर.

आता इथलं सांगते, कारण हे गाव तुम्हाला कळेल. इथेही तांबंच होतं. आपल्यासारखं ठोकायचं नव्हे, गाळायचं. तांब्याच्या खनिजापेक्षा ते गाळायला कोळसा कितीतरी जास्त लागतो, म्हणून खनिजच जहाजात भरून कोळशाकडे आणायचे. आधी कॉर्नवॉलहून, पुढे क्यूबा आणि चिलीहून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनचं बहुतेक तांबं स्वॉन्सीच्या नदीकाठी आणि आसपासच्या भागात गाळलं जायचं. इथून ते जगभर गेलं. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं विलायती तांबं मुंबईत उतरवत, ते त्याच काळात. अण्णा आजोबा 'विलायती पत्रा' म्हणायचे ना, त्या विलायतेत मी राहतेय.

हाफोड नावाचा मोठा कारखाना १८१० च्या सुमारास व्हिव्हियन घराण्याने काढला. त्याच घराण्याची हवेली आज आमच्या विद्यापीठाच्या आवारात आहे, सिंगलटन अ‍ॅबी. ती समुद्राकडे तोंड करून आहे आणि कारखाने मैलोगणती दूर, डोंगराच्या आड. भट्ट्यांच्या गंधकाच्या धुराने तिकडच्या किल्वे टेकडीवर गवताची काडी उरली नव्हती. आसपासच्या शेतकऱ्यांनी धुराबद्दल व्हिव्हियनवर खटला भरला, पण शेतकरीच हरले. हवेलीपर्यंत धूर येत नसणार, हे मी नकाशा बघून म्हणते आहे. पण नकाशा पुरेसा बोलका आहे.

याहून वाईट गोष्ट व्हाइट रॉकची. हा कारखाना १७३७ चा. तिथे मनिला नावाची कडी ओतत. ती पश्चिम आफ्रिकेत नेऊन त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. पुढे ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने बंद केली, तरी क्यूबातल्या एल कोब्रे खाणीत ब्रिटिश कंपनी गुलामांकडून खनिज काढून घेत होती, आणि ते खनिज इथेच येत होतं. आमची वर्गातली सगळ्यात मोठी वादावादी यावरच झाली. इथल्या पोरांना आजोबा-पणजोबांच्या कष्टांचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. मग त्याच पाटीवर गुलामांचं लिहायचं कसं? एकजण म्हणाला, दोन पाट्या लावू. मला ते पटलं नाही. दोन पाट्या लावल्या की लोक एकच वाचतात.

कारखाने बंद पडल्यावर हे खोरं म्हणजे राखेचे आणि गाळाचे ढीग झाले. १९६१ मध्ये विद्यापीठाने पुढाकार घेऊन ते साफ करायची योजना सुरू केली. शाळेच्या मुलांनी झाडं लावली, आज सगळं हिरवंगार आहे. काम चांगलंच झालं. पण साफसफाईच्या भरात बहुतेक जुने कारखानेही जमीनदोस्त झाले, आणि आता उरलेल्या चार भिंती, इंजिनघरं आणि धुराडं सांभाळायला लोक राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून पैसे आणताहेत. जुन्या पॉवरहाउसात व्हिस्कीची भट्टी सुरू झालीये. आमच्यातले काही नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. छप्पर तर आलं.

बाबा, तुम्हाला खरं दाखवावंसं वाटतं ते ब्लेनाव्हनचं बिग पिट. कोळशाची खाण, १९८० ला बंद झाली आणि १९८३ पासून लोकांना बघायला खुली आहे. पिंजऱ्यातून जवळजवळ ९० मीटर खाली नेतात. बॅटरीवर चालणारं काही जवळ ठेवू देत नाहीत, घड्याळ, मोबाइल सगळं वर काढून द्यायचं. आणि दाखवणारे गाइड म्हणजे त्या भागात खाणीत काम केलेली माणसं. आमच्या गाइडने यंत्रांची माहिती भराभर सांगून टाकली आणि मग दिवे विझवायला लावून खाणकामगारांच्या छातीत धूळ कशी साठते, जिना चढताना काय होतं, ते सांगत राहिला. हे कुठल्याही पाटीवर मावलं नसतं.

तेव्हा मला अण्णांचे कान आठवले. आम्ही पोरं त्यांच्याशी ओरडून बोलायचो आणि ते हसायचे. ठोकून ठोकून आळीतल्या किती जणांचे कान गेले, कोणी कधी लिहून ठेवलंय? बंब, घंगाळ, हंडे केळकर संग्रहालयात आहेत, मुंबईच्या हॉटेलांत शोभेला मांडलेत, आता तांब्याच्या बाटल्याही लोक हौसेने घेतात. नुसतं घंगाळ बघून मात्र मठारताना, म्हणजे हातोडीचे ठोके देताना, पाठीचं काय होतं ते कळत नाही.

म्हणून माझा प्रबंध तांबट आळीवर असणार आहे. तुमची इच्छा गडांवर काम करावं अशी होती, हे मला माहीत आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांचे फोटो पाठवलेत, जिंजीसकट. मलाही आनंद झाला. पण गडांसाठी बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर लिहिणारेही. पेशवाईत कोकणातून आणून वसवलेल्या तांबटांच्या आळीचं आधी गॅसवरच्या गीझरने आणि स्टीलने काय केलं, आणि त्यानंतरही जी घरं ठोकत राहिली ती का राहिली, हे सांगणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतले एक तुम्ही.

तुम्ही लगेच म्हणाल, "आमचं कसलं आलंय इतिहासात, मी तर धंदा सोडून नोकरी धरली." तेच हवंय मला. का सोडलात, अण्णा काय म्हणाले, घरात किती दिवस अबोला होता. मला सगळं सांगायचं नसेल तर सांगू नका. पण सांगाल ते रेकॉर्ड करीन. त्यासाठी तुम्हाला एका कागदावर सही करावी लागेल. हसू नका. मुलगी असले तरी विद्यापीठाच्या नीतिसमितीचा नियम आहे, आणि मला तो आवडतो. रेकॉर्डिंग आधी तुम्ही ऐकायचं, नको तो भाग काढायला सांगायचा, पुढे मन बदललं तर एका तारखेपर्यंत सगळंच मागे घ्यायचं. माझ्या मार्कांचा विचार करायचा नाही. कागद मराठीतही केलाय, सोबत पाठवते, शांतपणे वाचा.

आई, आता तुझ्यासाठी. तूही बसायचंस रेकॉर्डिंगला. तू लग्न होऊन आलीस तेव्हा खाली दिवसभर ठोकाठोक चालायची, तुला पहिले महिने झोप लागायची नाही, हे तू मावशीला सांगताना मी ऐकलंय. तुझ्याशिवाय हा प्रबंध अर्धा राहील.

आणि तू म्हणालीस की दिवाळीआधी माळा रिकामा करायला काढलाय. करा, धूळ फार झालीये, तुझा खोकला मला इथूनही ऐकू येतो. पण तीन गोष्टींना हात लावू नका. अण्णांचे हातोडे आणि ऐरणी, मोठे-लहान सगळे, मोडके असले तरी. लाल कापडात बांधलेल्या हिशेबाच्या वह्या. आणि तो पिचका बंब, जो तू दरवर्षी मोडीत घालायचं म्हणतेस. भंगारवाला किलोने पैसे देईल, मला माहीत आहे. मी आल्यावर फोटो काढते, वह्यांचं पान न् पान स्कॅन करते, मग हवं तर जागा मोकळी करू. वह्यांना कडुनिंबाचा पाला ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नकोस, दमट होतात.

नोकरीचं विचारणार आहातच, तर थोडक्यात. म्युझियमं, दफ्तरखाने, नगरपालिकांची हेरिटेज खाती यांत कामं असतात. पगार कमी, स्पर्धा बरीच. कर्जाचा हप्ता मी भरीन, त्यात तुमचं पेन्शन घालायचं नाही, हे आपलं ठरलंय.

दादाला म्हणावं बाबांच्या फोनमध्ये रेकॉर्डरचं अ‍ॅप टाकून दे. मी येईपर्यंत बाबा, एकटे असताना काही आठवलं तर बोलून ठेवा, क्रम लागला नाही तरी चालेल. आणि शेजारच्या काकांना विचारा, ते बसतील का. त्यांच्या घरी अजून भाता आहे असं तुम्ही म्हणाला होतात. काकूंनाही विचारा. कागदाच्या जास्तीच्या प्रती पाठवल्या आहेत.

तुमची,
धाकटी