गप्पी टाकीत सोडा, ओढ्यात नको

मा. संपादक,

पावसाळा आला की डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गप्पी मासे सरसकट ओढ्या-नाल्यांत ओतले जातात. मूळ त्रिनिदाद-व्हेनेझुएलाच्या ओढ्यांतला हा मासा. मादी अंडी घालत नाही, साधारण ४ आठवड्यांनी थेट पिल्लेच देते. एकदा ओढ्यात सुटला की आवरणे कठीण, शिवाय इथल्या माशांची अंडी-पिल्लेही खातो. त्याची जागा बंदिस्त टाकीत, तीही दर मीटर लांबीला ५ ते १० मासे. नळाचे पाणी ताजे भरले की क्लोरीनने मासे मरतात आणि दोष मात्र माशाला! पाणी आधी दिवसभर साठवून ठेवावे. माशांची पिशवी १५ मिनिटे टाकीत तरंगत ठेवून मगच उघडावी. पाणवनस्पती थोड्या राहू द्याव्यात. पिल्ले त्यांतच लपतात, नाहीतर आईच गिळते.

– एक मत्स्यपालक, सांगली