सुई लावण्याआधी तुम्ही रिपोर्ट मागितलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ॲक्युपंक्चरच्या, म्हणजे अंगाला बारीक सुया टोचून करायच्या उपचारासाठी तुमच्याकडे आले होते. तुमचे आभार चारचौघांत मानते आहे, कारण छातीच्या, म्हणजे स्तनांच्या, दुखण्याबद्दल आपल्या सोलापुरात अजूनही बायका घरात बोलत नाहीत.

पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही बाजू जड व्हायच्या, ठणकायच्या, कुशीवर वळणं नको वाटायचं. त्यात डावीकडे हाताला लागणारी, बोटाखाली सरकणारी गाठ. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी मला 'सुयांनी गाठ विरघळवू' असं खात्रीनं सांगितलं होतं. तुम्ही मात्र सुयांच्या पाकिटाला हातही लावला नाहीत. सर्जनकडे पाठवलंत. हातानं तपासणी, सोनोग्राफी आणि मग बायोप्सी झाली. निदान आलं फायब्रोॲडिनोमाचं, म्हणजे साधी गाठ, कर्करोग नव्हे. रिपोर्ट वाचून तुम्ही म्हणालात, "गाठ सुयांनी जायची नाही. तिच्यावर सर्जन लक्ष ठेवतील. दुखणं कमी होतंय का, तेवढं आपण बघू." एवढं खरं बोलल्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

सुया केसासारख्या बारीक, दरवेळी नव्या पाकिटातल्या. बहुतेक हातापायांवरच लावल्यात: मनगटाच्या वर आतल्या बाजूला, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खोबणीच्या वर, घोट्याच्या वर. घोट्याजवळच्या बिंदूआधी दिवस गेलेत का, हे न चुकता विचारायचात. छातीवर अगदी थोड्या, त्याही तिरक्या. खाली फुफ्फुस आहे, सुई खोल गेली तर त्याला भोक पडू शकतं, हे तुम्ही आधीच समजावलंत. अंगावर चादर असायची, हवा तेवढाच भाग उघडा आणि मावशी सोबत उभ्या. हे सगळीकडे असंच असायला हवं.

दुखणं उतरलं. माझ्या बाजूनं सगळं श्रेय सुयांना द्यायला मी तयार होते, पण तुम्हीच थांबवलंत. पाळीबरोबर येणारं असं दुखणं पुष्कळदा आपसूकही ओसरतं, कर्करोग नाही हे कळलं की निम्मा घोर जातो, आणि ॲक्युपंक्चरवरचे या विषयातले अभ्यास थोडे नि छोटे आहेत, असं म्हणालात. नीट मापाची ब्रा घ्यायलाही तुम्हीच सांगितलंत. तिनंही खूप फरक पडला.

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, हे शाळेत शिकले होते. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते रुजवलं, हे मात्र तुमच्याकडून कळलं.

माझी भाची पुढच्या आठवड्यात येईल. तिचीही तक्रार हीच आहे. तिला आधी सर्जनकडे नेलं. सोनोग्राफीचा रिपोर्ट तिच्यासोबत देते आहे.

तुमची कृतज्ञ,
एक रुग्ण